संशोधन म्हणजे काय? पानिपतचा धडा

मी चंदीगडच्या इंडस्ट्रियल एरियातून बोलतोय. पानिपत इथून गाडीने तीनेक तासांवर आहे.

१४ जानेवारी १७६१ च्या पराभवाचा सगळा दोष सदाशिवरावभाऊंवर टाकणं सोपं आहे. संशोधन मात्र पुराव्यापासून सुरू होतं. इतिहासाचार्य राजवाड्यांनी जुनी दप्तरं धुंडाळून त्या काळातली पत्रं १८९८ मध्ये छापली. काशीराज शुजाउद्दौल्याच्या छावणीत होता, पण त्याने हकीकत लिहिली सुमारे वीस वर्षांनी. पत्र ताजं असतं, पण त्यात लिहिणाऱ्याला दिसलं तेवढंच येतं.

फौजेत खबर आली की आम्ही विचारायचो: कोणी पाहिलं? कधी? दुजोरा कोणाचा? इतिहासालाही हेच विचारायचं, मग नकाशा घेऊन जमीन पाहायची. त्याआधी निकाल देणं म्हणजे साक्षी न घेता कोर्ट मार्शल!