मोर्तबाची परंपरा

शहादा हे गाव ज्या खानदेशात मोडते, तो १८१८ साली इंग्रजी अमलाखाली जाण्यापूर्वी मराठी राज्याचा दफ्तरी रिवाज असा होता, की कारकुनाने मोडीत लिहिलेले सरकारी पत्र केवळ लिहून पुरे होत नसे. शेवटच्या ओळीला लागून मोर्तब, म्हणजे समाप्तीचा शिक्का, उमटे, जेणेकरून पुढे कोणास एक अक्षरही घुसडता येऊ नये, आणि कागदाचे बंद जोडलेले असल्यास जोडावरही शिक्का पडे. ही दक्षता मला त्या राज्यकारभाराचे खरे वैभव वाटते.

परका मजकूर आत घुसू नये, यासाठी काय करावे, हा प्रश्न मुक्त संगणकप्रणालीच्या जगात उशिरा उद्भवला. लिनक्स या मुक्त प्रणालीत आपल्या मालकीचा मजकूर शिरल्याचे सांगत एससीओ कंपनीने २००३ साली आयबीएमवर दावा गुदरला. त्यानंतर २००४ साली लिनक्सचे कर्ते लिनस टोरव्हाल्ड्स यांनी असा दंडक घातला, की लिनक्ससाठी पाठविलेल्या प्रत्येक बदलाखाली कर्त्याने आपले नाव व ई-मेल पत्ता लिहून, हे देण्याचा मला अधिकार आहे, अशी ग्वाही द्यावी, आणि तो बदल पुढे पाठविणाऱ्या प्रत्येकाने त्याखाली आपली ओळ जोडावी. वकिली करारनाम्याऐवजी एका ओळीवर टाकलेला हा विश्वास मोठाच होय. शहाद्याच्या एखाद्या विद्यार्थ्याने आज बदल पाठविला, तरी त्याच्याकडून मागितली जाते ती हीच ओळ.