अमेरिका मुंग्यांशी हरली, त्याची गोष्ट

ओट्यावर मुंग्यांची रांग दिसली की आपला हात आधी स्प्रेकडे जातो. १९५७ साली अमेरिकन सरकारनेही हेच केलं, फक्त विमानातून! दक्षिण अमेरिकेतून अलाबामाच्या मोबाईल बंदरात १९३० च्या दशकात उतरलेल्या लाल 'फायर अँट' मारायला लाखो एकरांवर डिल्ड्रिन आणि हेप्टाक्लोर टाकलं. पक्षी मेले, गुरं मेली, स्थानिक मुंग्याही मेल्या. मग मोकळ्या झालेल्या जागेत आधी कोण आलं? अर्थात फायर अँट! १९६२ मध्ये रेचल कार्सनने 'सायलेंट स्प्रिंग'मधून या मोहिमेची सालटी काढली.

पुढे मायरेक्स आलं. सोयाबीन तेलातून मक्याच्या कणसाच्या चुऱ्याला लावलेलं, सावकाश मारणारं विष. कामकरी मुंग्या ते स्वतःच वारुळात नेऊन राणीला भरवायच्या. डोकं एकदम बरोबर, पण रसायन वर्षानुवर्षं मातीत टिकणारं. १९७० च्या दशकाच्या अखेरीस तेही बंद झालं. फायर अँट आजही तिथेच आहेत.

आमच्या भाषेत सांगायचं तर स्प्रेने सिम्प्टम जातो, बग तसाच राहतो. त्यापेक्षा साखरेच्या पाण्यात चिमूटभर बोरिक पावडर घाला, मुलांच्या हाताला लागणार नाही असं ठेवा, आणि चार दिवस रांग चालू द्या. राणीपर्यंत पार्सल त्यांनाच पोचवायचंय!