क्षयजंतूची ओळख : सूक्ष्मदर्शकापासून जनुकापर्यंत



क्षयरोगाचा इतिहास सांगतांना औषधांची कथा बहुधा पुढें येते आणि निदानाची कथा मागें राहते. वास्तविक औषध कितीहि गुणकारी असलें तरी तें कोणास द्यावयाचें हें आधीं ठरावें लागतें. आणि तें ठरण्यास लागणारा प्रत्येक आठवडा रोग्याच्या फुप्फुसास व त्याच्या घरांतील माणसांस भोंवतो. म्हणून हा जंतु ओळखण्याच्या रीती कशा बदलत गेल्या, याचा थोडक्यांत आढावा घेण्याचें मीं आज योजिलें आहे.

इ. स. १८८२ च्या मार्च महिन्याच्या २४ तारखेस रॉबर्ट कॉख यांनीं बर्लिन येथील शरीरशास्त्रज्ञांच्या सभेंत क्षयाच्या जंतूचा शोध जाहीर केला. हा जंतु मेणचट आवरणाचा असल्यामुळें सहजासहजीं रंग घेत नाहीं. पण एकदां घेतलेला रंग आम्लानें धुतला तरी सोडीतहि नाहीं. त्याच्या या हट्टी स्वभावाचाच उपयोग करून एर्लिख, त्सील आणि नील्सन यांच्या प्रयत्नांतून त्यास तांबड्या रंगानें उठून दिसेल असें करण्याची रीत बसली, आणि ती शंभर वर्षांहून अधिक काळ जगभर चालली. ती स्वस्त व सोपी खरी. परंतु एक मिलिलिटर थुंकींत सुमारें ५ ते १० हजार जंतु असल्यावांचून ते दृष्टीस पडण्याची शाश्वती नसते. ज्यांच्या थुंकींत जंतु विरळ, अशा रोग्यांस ‘दोष नाहीं’ असा निर्वाळा मिळे, आणि रोग आंत वाढत राही.

दुसरी रीत जंतु वाढवून पाहण्याची. अंड्यांपासून केलेल्या खाद्यावर थुंकींतील जंतु पेरावयाचे आणि ते उगवण्याची वाट पाहावयाची. आंतड्यांतील सामान्य जंतु अनुकूल स्थितींत सुमारें २० मिनिटांत दुप्पट होतात; क्षयजंतूस त्यासाठीं १८ ते २४ तास लागतात. त्यामुळें या रीतीनें उत्तर येण्यास तीन ते आठ आठवडे जात. त्यांतच १९४३ सालीं स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागला, आणि थोड्याच वर्षांत त्या औषधास न जुमानणारे जंतु दिसूं लागले. तेव्हांपासून वैद्यांपुढें एकाच्या जागीं दोन प्रश्न उभे राहिले : जंतु आहे काय, आणि असल्यास तो कोणत्या औषधास वश होईल ?

या दोहोंचीं उत्तरें जंतूच्या आनुवंशिक द्रव्यांतच लिहिलेलीं असतात. डी. एन. ए. म्हणजे चार रासायनिक अक्षरांनीं लिहिलेला ग्रंथच म्हणा ना. प्रत्येक जातीच्या जंतूचा ग्रंथ निराळा. त्यांतील एखादी ओळ दुसऱ्या कोणत्याहि ग्रंथांत नसते. परंतु मूठभर जंतूंतील ती ओळ वाचावी कशी ? १९८३ सालीं अमेरिकेंत कॅरी म्युलिस यांनीं युक्ति काढली. हवा तो तुकडा दुप्पट करावयाचा, पुन्हां दुप्पट करावयाचा. बुद्धिबळाच्या पटावरील धान्याच्या दाण्यांची गोष्ट आपण ऐकलीच असेल. त्याच हिशेबानें ३० फेऱ्यांत एका तुकड्याचे शंभर कोटींहून अधिक तुकडे होतात.

मग योग्य ओळ शोधण्याचें काम सुरू झालें. १९९० च्या सुमारास ‘आय. एस. ६११०’ ही खूण हातीं आली. बहुतेक क्षयजंतूंत ती अनेक वेळां आढळते, म्हणून ती पकडण्यास सोपी. पण भारतासह आशियाच्या कांहीं भागांतील जंतूंत ती एकदांच असते, क्वचित् मुळींच नसते. एका देशांतील जंतूवरून ठरविलेली खूण दुसऱ्या देशांत जशीच्या तशी वापरतां येत नाहीं, हा धडा तेव्हांच मिळाला.

१९९३ सालीं दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर मिळालें. रिफॅम्पिसिन हें औषध जंतूच्या ज्या घटकावर आघात करतें, त्याच्या जनुकांतील अवघ्या ८१ अक्षरांच्या पट्ट्यांत बदल झाला कीं औषध निष्प्रभ होतें. औषधास न जुमानणाऱ्या जंतूंपैकीं सुमारें शेंकडा ९५ जंतूंत बदल तेथेंच सांपडतो. पुढें १९९८ सालीं क्षयजंतूचा सुमारें ४४ लक्ष अक्षरांचा संपूर्ण ग्रंथ वाचून झाला. त्यासाठीं वापरलेल्या जंतूचा मूळ वंश १९०५ सालीं अमेरिकेंतील एका रोग्याकडून मिळालेला होता.

या ज्ञानावर उभारलेल्या ‘एक्सपर्ट’ नांवाच्या चाचणीस जागतिक आरोग्य संघटनेनें डिसेंबर २०१० मध्यें मान्यता दिली. तिची परीक्षा ज्या शहरांत झाली त्यांत आपली मुंबईहि होती. सूक्ष्मदर्शकाखालीं जंतु दिसलेल्यांपैकीं शेंकडा ९८ जण एकाच चाचणींत ओळखले गेले. सूक्ष्मदर्शकास जे चुकले, पण जंतु वाढविल्यावर क्षयी ठरले, त्यांपैकींहि शेंकडा ७२ जण सांपडले. आणि उत्तर दोन तासांत ! २०२० सालीं संघटनेनें गोव्यांतील मोलबायो या कंपनीची ‘ट्रूनॅट’ ही चाचणीहि मान्य केली. तिचें यंत्र बॅटरीवर चालतें, म्हणून तें लहान दवाखान्यांतहि नेतां येतें.

तथापि यंत्राचा शब्द हा वेदवाक्य मानूं नये. मेलेल्या जंतूचेंहि डी. एन. ए. कांहीं काळ टिकतें. म्हणून उपचारानंतर रोग गेला कीं नाहीं हें केवळ या चाचणीवरून ठरवितां येत नाहीं. २००९ सालीं आफ्रिकेंतील एस्वातिनी, म्हणजे तेव्हांचें स्वाझिलँड, या देशांत पाहणी झाली. अनेक औषधांस न जुमानणाऱ्या तेथील जंतूंपैकीं सुमारें शेंकडा ३० जंतूंत बदल त्या ८१ अक्षरांच्या बाहेर होता. अशा रोग्यांस तें यंत्र ‘रिफॅम्पिसिन चालेल’ असेंच सांगणार ! उलट, रक्तांतील प्रतिद्रव्यें पाहून क्षय ठरविणाऱ्या चाचण्या आपल्याकडे वर्षानुवर्षें विकल्या गेल्या. त्या भरंवशाच्या नाहींत असें २०११ सालीं संघटनेनें बजावल्यावर भारत सरकारनें २०१२ सालीं त्यांवर बंदी घातली.

यावरून एवढेंच सुचवावयाचें आहे कीं, दोन आठवड्यांहून अधिक खोकला टिकल्यास थुंकी तपासण्यास संकोच करूं नये, आणि तपासणी कोणत्या रीतीनें होणार हें डॉक्टरांस अवश्य विचारावें. कॉख यांच्या काळीं रोगाचें नांव कळलें तरी औषध नव्हतें. आज औषध आहे; तें वेळेवर सुरू होण्यास नांव अचूक आणि लवकर कळलें पाहिजे.