आजीव सभासदाचं कूळ

महागाव, पुसद, उमरखेड या पट्ट्यात एखादी खासगी शाळा कशी निघाली याची चौकशी केली, की बहुतेक वेळा गोष्ट दोस्तीपासून सुरू होते. एका वर्गात बसलेले, एका वसतिगृहात राहिलेले पाच-सात जण. कुणी मास्तर, कुणी वकील, एखादा डॉक्टर, एखादा अडत्या. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याला किमान सात माणसं लागतात, म्हणून राहिलेल्या जागी एखादा मेहुणा नाहीतर शेजारी घ्यायचा. मग संस्थेची घटना लिहिली जाते आणि तीत एक कलम हमखास असतं: आजीव सभासद. ठरलेली वर्गणी एकदा भरायची, तहहयात मताचा हक्क मिळवायचा. पुढची तीस-चाळीस वर्षं तेच दोस्त अध्यक्ष, सचिव, कोषाध्यक्ष म्हणून एकाच कागदावर सह्या करतात, एकमेकांच्या कर्जाला जामीन राहतात, पोरांच्या सोयरिकी जुळवतात.

या रिवाजाचं कूळ पुण्यातलं आहे, पण त्याची एक मुळी आपल्या वऱ्हाडातून गेलेली आहे.

गोपाळ गणेश आगरकर मूळचे कराडजवळच्या टेंभूचे, जन्म १८५६ चा. घरी अठराविश्वे दारिद्र्य. शिकण्यासाठी वणवण करत ते नातेवाइकांच्या आसऱ्याने अकोल्याला आले आणि तिथूनच १८७५ मध्ये मॅट्रिक झाले. अकोल्यात विष्णु मोरेश्वर महाजनींसारखे शिक्षक त्यांना लाभले. ‘वऱ्हाड समाचार’मध्ये मजकूर लिहून चार पैसे मिळत. कॉलेजची वेळ आली तेव्हा अकोल्याच्या शिक्षकांनी आपसांत वर्गणी काढून या पोराला पुण्याला धाडलं. आजीव सभासदाच्या कुळातली ही मला पहिली पावती वाटते. ती भरणाऱ्यांना मताचा हक्क मिळाला नाही आणि त्यांनी तो मागितलाही नाही.

डेक्कन कॉलेजात आगरकरांकडे एकच सदरा होता. रात्री धुवायचा, सकाळी तोच घालायचा. तिथे १८७९ मध्ये त्यांची गाठ पडली बाळ गंगाधर टिळकांशी. टिळक बी.ए. होऊन कायद्याचा अभ्यास करत होते, आगरकर एम.ए.च्या तयारीत. खोलीत, मैदानात, रात्र रात्र वाद चालायचे. त्यातून ठरलं, की सरकारी नोकरी धरायची नाही, शाळा काढायची आणि जन्म तिला द्यायचा. आगरकरांनी आईला लिहून कळवलं, की मुलगा मोठ्या पगारावर जाईल ही आशा सोडून दे. ज्या घरात त्या पगाराची वाट पाहिली जात होती, तिथे हे पत्र वाचताना काय झालं असेल!

विष्णुशास्त्री चिपळूणकर सरकारी नोकरी सोडून आलेले होतेच. १ जानेवारी १८८० रोजी न्यू इंग्लिश स्कूल सुरू झालं. माधवराव नामजोशी आले, वामन शिवराम आपटे आले, एम.ए. आटोपून आगरकर आले. पाठोपाठ दोस्तीचा धंदाही उभा राहिला. केशव बल्लाळ साठ्यांचा छापखाना विकत घेतला आणि बुधवार पेठेतल्या मोरोबादादांच्या वाड्यात हलवला. हमालांना द्यायला पैसा नव्हता, तेव्हा टाइपाच्या केसा या पदवीधरांनीच खांद्यावर घेऊन नेल्या. तोच आर्यभूषण छापखाना. १८८१ च्या जानेवारीत तिथून ‘केसरी’ आणि ‘मराठा’ निघाले.

दीड वर्षात तुरुंगाची पाळी आली. कोल्हापूरच्या दिवाणाविरुद्ध छापलेल्या मजकुरावर बदनामीचा खटला होऊन टिळक-आगरकर १८८२ मध्ये डोंगरीला गेले आणि १०१ दिवस एकत्र राहिले. त्याच खटल्यात जोतीराव फुल्यांनी आपले स्नेही रामशेठ उरवणे यांच्याकडून दहा हजारांचा जामीन मिळवून दिला. ‘केसरी’कारांचं आणि सत्यशोधकांचं सख्य नव्हतं, तरीही. पुण्याच्या इतिहासातलं हे पान मला फार मोलाचं वाटतं. एका दोस्तमंडळीला दुसऱ्या दोस्तमंडळीने राखलं.

आता मूळ मुद्दा. १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली, १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज. तोवर जे मित्रांच्या शब्दावर चाललं होतं, त्याचा नियम झाला. संस्था चालवायची ती आजीव सभासदांनी, म्हणजे तिथे शिकवणाऱ्यांनीच. वीस वर्षं सेवेची शपथ, महिना सुमारे ७५ रुपये. शिकवतो तोच मालक, आणि मालक कुणीच नाही. सरकारी खात्यात याच विद्वानांना कितीतरी अधिक पगार मिळाला असता.

आणि याच नियमावर दोस्ती फुटली. सामाजिक सुधारणा आधी की राजकारण, हा वाद सर्वांना ठाऊक आहे. १८८७ मध्ये आगरकरांनी ‘केसरी’ सोडला, पुढच्या वर्षी ‘सुधारक’ काढला. पण सोसायटीच्या आत भांडण होतं ते शपथेच्या अर्थाचं. आजीव सभासदाने बाहेर दुसरं काम धरू नये, वेळ आणि मिळकत दोन्ही संस्थेची, असा टिळकांचा आग्रह. आगरकरांसमोर संसाराची ओढाताण आणि दम्याने पोखरलेली छाती. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी सार्वजनिक सभेचं चिटणीसपद घेतलं आणि ठिणगी पडली. १८९० च्या अखेरीस टिळक बाहेर पडले. छापखाना आणि पत्रं यांचीही वाटणी झाली. पत्रं कर्जासकट टिळकांकडे आली.

मला यात दोघांपैकी कुणी खोटा दिसत नाही. मित्रांमध्ये हिशेब न ठेवता चालतं तोवर छान चालतं; नियम लिहिला की प्रत्येकाला आपला त्याग मोजावा लागतो. पण नियम लिहिलेला होता म्हणूनच मित्र गेले तरी कॉलेज उभं राहिलं. टिळक गेल्याने गणिताची जागा रिकामी झाली. गोखल्यांना आपला एल्फिन्स्टन कॉलेजातला मित्र आठवला आणि १८९१ मध्ये धोंडो केशव कर्वे तिथे आले. दोस्तीने एक माणूस गमावला, दोस्तीनेच दुसरा आणला. आपट्यांनंतर प्राचार्य झालेले आगरकर १८९५ मध्ये, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी वारले. स्वतःच्या अंत्यविधीचे पैसे त्यांनी पुरचुंडीत बांधून ठेवले होते.

तिथून वंश फुटत गेला. गोखल्यांचा भारत सेवक समाज १९०५ चा, तीच शपथ आणखी कडक करून. भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेत आजीव सेवक आले. इकडे अमरावतीला पंजाबराव देशमुखांनी आधी श्रद्धानंद छात्रालय काढलं, नाना जातींची पोरं एका छताखाली आणली, आणि मग श्री शिवाजी शिक्षण संस्था उभारली. तिचा कारभार आजीव सभासदांच्या मतावर चालतो. पश्चिम विदर्भातल्या लहान संस्थांनी घटना लिहिताना अशा थोरल्या संस्थांचे नमुने समोर ठेवले, असंच मला दिसतं.

या प्रवासात एक गोष्ट गळाली. पुण्यात सभासद म्हणजे शिकवणारा होता. आपल्याकडे तो मतदार झाला. शिकवणारा पगारदार, सभासद वर्गातच येत नाही. म्हणून पहिली पिढी थकली, की संस्थेची गाडी धर्मादाय कार्यालयाच्या दारात जाऊन अडते: बदल अर्जावर हरकत, दोन गट, दोन सचिव, दोन शिक्के. ज्यांचे बाप एका ताटात जेवले, ती मुलं यवतमाळला तारखेवर समोरासमोर बसतात. वाईट वाटतं, कारण तुटतं ते नुसतं मंडळ नाही, दोन घरांचं येणंजाणंही तुटतं.

यावर उपाय घटनेतच करता येतो. नवा आजीव सभासद घेताना वर्गणीच्या पावतीबरोबर, वर्षातले किती दिवस शाळेत येऊन तो काय करणार, हे त्याच्याकडून लिहून घ्यावं. वकिलाने कायदा शिकवावा, डॉक्टरने पोरं तपासावीत, अडत्याने दहावीच्या मुलांना कापसाचा भाव कसा ठरतो ते सांगावं. सर्वसाधारण सभेत घटनादुरुस्तीचा एक ठराव आणि धर्मादाय कार्यालयाची मंजुरी, एवढंच त्याला लागतं.