नागोठण्याची टांकसाळ आणि आमचे नोड

1744च्या सुमारास रेवदंड्याच्या बहिरो राम दातारांना पेशव्यांच्या सरकारातून नागोठण्याला टांकसाळ घालण्याची परवानगी मिळाली. सरकारात पहिल्या वर्षी 50 रुपये भरायचे, दुसऱ्या वर्षी 75, तिसऱ्या वर्षी 100. तांब्याचा पैसा पाडायचा तो 10 मासे वजनाचाच. रेवदंडा पोर्तुगीजांकडून मराठ्यांच्या हाती येऊन तेव्हा जेमतेम चार वर्षं झाली होती. नागोठणं अंबा नदीवरचं बंदर, आणि बंदर म्हटलं की सुटं नाणं लागतंच.

मी अलिबागला राहतो आणि डॅश या क्रिप्टोचलनाचे काही मास्टरनोड, म्हणजे त्याचं जाळं चालतं ठेवणारे सर्व्हर, चालवतो. दातारांच्या या अटी मला माझ्याच धंद्यातल्या वाटतात. एका नोडसाठी 1000 डॅश एकाच रकमेत वेगळे काढून ठेवावे लागतात. 999 चालत नाहीत, 500-500चे दोन तुकडेही चालत नाहीत. ती रक्कम वॉलेटमधून हलली की नोड यादीतून गेला. सर्व्हर भाड्याचा, पण प्रत्येक नोडला त्याचा वेगळा आयपी पत्ता, आणि तो अहोरात्र चालू हवा. मग नव्या नाण्यांतला ठरलेला वाटा पाळीपाळीने मिळतो. रकमेची किल्ली मी सर्व्हरवर कधीच ठेवत नाही, ती घरी असते. 3 जून 2020ला निसर्ग वादळाने अलिबागची वीज घालवली, तेव्हा परदेशातल्या सर्व्हरवर नोड सुरूच होते.

अठराव्या शतकात मराठी मुलखात दातारांसारख्यांच्या टांकसाळी जागोजागी होत्या. आमच्या आंग्र्यांचा तर स्वतःचा चांदीचा अलिबागी रुपया होता. एवढ्या हातांनी पाडलेलं नाणं बाजारात चाललं कसं? छाप्यावर बोट ठेवून भागत नाही, कारण मराठी टांकसाळींतले बहुतेक रुपये मोगल बादशहाच्याच नावाने निघत. माझ्या मते नाणं चालवलं ते सराफाने. तो रुपया फरशीवर वाजवी, काट्यावर घाली, शंका आली तर कडेला बारीक छिन्नी मारून आतली चांदी बघे आणि मग बट्टा, म्हणजे किती कापायचं ते, सांगे. जुन्या रुपयांवर या छिन्नीच्या खुणा आजही दिसतात. कुठे कुठे तर मूळ अक्षरांपेक्षा त्याच जास्त.

तपासणी सुटली की काय होतं तेही घडून गेलं आहे. धारवाड भागात विनापरवाना टांकसाळींनी हिणकस नाणी काढली, आणि 1760मध्ये पेशव्यांना त्या बंद करून एकच सरकारी टांकसाळ घालावी लागली. 2017-18मध्ये मास्टरनोडवाल्या नव्या चलनांचा पूर आला आणि त्यांतली बरीच बुडाली, तेव्हा मला धारवाडच आठवलं. डॅशमध्ये नोड एकमेकांवर नजर ठेवतात, काम चुकवणाऱ्याला वाटा मिळणं बंद होतं. हे सराफाचंच काम आहे.

1835मध्ये कंपनीने 180 ग्रेनचा एकसारखा रुपया आणला, 1840मध्ये आंग्र्यांचं कुलाबा संस्थान खालसा झालं, आणि अलिबागी रुपया हळूहळू मोडीत गेला. टांकसाळींचे कागद पेशवे दफ्तरातून छापून आले. सराफांच्या वह्यांकडे मात्र तसं लक्ष गेलं नाही. कुठल्या दिवशी कुठल्या रुपयाला किती बट्टा, हे त्यांतच सापडेल. चौल, रेवदंडा, नागोठण्यात कुणाच्या माळ्यावर पेढीच्या वह्या असतील, तर रद्दीत घालण्याआधी मोडी वाचणाऱ्याला दाखवाव्यात.