खाडीचे पाणी आणि सोपाऱ्याचे नाणे

वसई-दिवा मार्गावरील जूचंद्र हे गाव आगरी वस्तीचे, चंडिकादेवीचे आणि रांगोळी कलावंतांचे म्हणून ठाऊक आहे. आम्हांला ते तर्कशास्त्राच्या पहिल्या पाठासाठी सोयीचे वाटते. गावाच्या आसपास खाजणे व मिठागरे, दक्षिणेस वसईची खाडी आणि ईशान्येस तुंगारेश्वरचे डोंगर. आता समजा, नाल्याचे पाणी चढलेले दिसले. डोंगरात पाऊस पडला असे म्हणावे काय?

न्यायदर्शनात नेमके हेच उदाहरण आहे. इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांत रचल्या गेलेल्या न्यायसूत्रांत अनुमानाचे तीन प्रकार सांगितले आहेत: पूर्ववत्, शेषवत् आणि सामान्यतोदृष्ट. त्यांपैकी शेषवत् म्हणजे कार्यावरून कारणाकडे जाणे. नदीला पूर आला, तेव्हा वर कोठेतरी पाऊस झाला असणार. परंतु सूत्रकार आक्षेपही स्वतःच नोंदवतात. पाणी तर बांध घातल्यानेही चढते! मग अनुमान खोटेच पडणार. यावरचे उत्तर मार्मिक आहे. नुसते पाणी चढणे हा हेतूच नव्हे. प्रवाहाला वेग हवा, पाण्यावर फेस, पाने, लाकडे वाहत यायला हवीत. अशा विशिष्ट पुराचीच पावसाशी व्याप्ती, म्हणजे नियमाने आढळणारी संगती असते.

जूचंद्रच्या माणसाला हा आक्षेप शिकवावा लागत नाही. तेथे पाणी रोज दोनदा चढते ते भरतीने. सुमारे १२ तास २५ मिनिटांनी ते पुन्हा येते, उलट्या दिशेने वाहते आणि खारट लागते. मिठागराचा सारा व्यवहारच यावर चालतो. म्हणजे ‘चढलेले पाणी’ या एकाच खुणेला दोन कारणे आहेत आणि ती वेगळी करायला दुसरी खूण शोधावी लागते. ‘पाऊस पडला तर पाणी चढते, पाणी चढले, म्हणून पाऊस पडला’ ही मांडणी निगमनाच्या दृष्टीने सदोष आहे. तरीही वैद्य, भूगर्भशास्त्रज्ञ आणि पुरातत्त्वज्ञ यांचे काम अशाच उलट्या वाटेने चालते. अमेरिकन तत्त्वज्ञ चार्ल्स पर्स याने १८७८ साली या तऱ्हेच्या विचाराला निगमन व विगमन यांहून निराळे स्थान दिले.

त्यानंतर चारच वर्षांनी, जूचंद्रच्या उत्तरेस काही किलोमीटरवर, सोपाऱ्याच्या ‘बुरुड राजाचा कोट’ नावाच्या टेकाडात त्याचा मोठा प्रयोग झाला. एप्रिल १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी ते टेकाड उघडले. आत विटांचा स्तूप निघाला. त्याच्या पोटात दगडी पेटी, पेटीत तांब्याचा करंडक आणि त्याभोवती बुद्धांच्या आठ कांस्यमूर्ती. तांब्याच्या करंडकात एकात एक चांदीचा, दगडाचा, स्फटिकाचा आणि सोन्याचा करंडक. सर्वांत आत मातीच्या भांड्याचे तेरा तुकडे! सोबत सोन्याची फुले आणि यज्ञश्री सातकर्णीचे चांदीचे एक नाणे. पंडितजींच्या मते ते तुकडे बुद्धाच्या भिक्षापात्राचे. आमच्या मते इतक्या जपणुकीवरून ठेवणाऱ्यांची श्रद्धा सिद्ध होते, तुकड्यांचा मूळ मालक नव्हे.

नाण्याची गोष्ट अधिक बोधप्रद आहे. यज्ञश्री इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धातला. तेव्हा ठेव त्याच्या आधीची असूच शकत नाही. हे अनुमान पक्के, कारण न पाडलेले नाणे कोणी पुरू शकत नाही. नाणे झिजलेले नाही, म्हणून ते फार हाती फिरण्यापूर्वीच पुरले गेले असावे. येथे ‘असावे’ आले. पेटीतले सर्व काही त्याच काळातले, हे तिसरे अनुमान तर एका न बोललेल्या अटीवर उभे आहे. ती अट अशी की, पेटी पुन्हा कोणी उघडली नाही. न्यायशास्त्रात अशा लपलेल्या अटीला उपाधी म्हणतात. धुरावरून अग्नी कळतो, पण अग्नीवरून धूर कळत नाही, कारण मध्ये ओल्या इंधनाची उपाधी असते.

पुढे अभ्यासकांनी त्या आठ मूर्तींची घडण इतर मूर्तींशी ताडून पाहिली, तेव्हा त्या आठव्या-नवव्या शतकातल्या ठरल्या. म्हणजे स्तूप मध्यंतरी उघडून मूर्ती आत ठेवल्या गेल्या असाव्यात. नाणे खोटे बोलले नव्हते, त्याच्याकडून जास्त वदवून घेतले गेले होते इतकेच.

त्याच वर्षी पंडितजींना सोपाऱ्यात भातेला तळ्याजवळ कोरीव दगडाचा एक तुकडा सापडला. त्यावरची थोडी अक्षरे अशोकाच्या आठव्या शिलालेखाची आहेत, हे त्यांनी ओळखले. पंडितजी मूळचे जुनागढचे, गिरनारचे लेख त्यांच्या परिचयाचे होते. खेड्यातल्या माणसाला जी माहिती भरती-ओहोटीची, ती त्यांना अशोकाच्या अक्षरांची! आता आठवा लेख होता, तर शेजारचेही असणार, कारण गिरनारला चौदा लेखांचा संच एकत्र आहे. हे अनुमान चौऱ्याहत्तर वर्षे थांबले. १९५६ साली सोपाऱ्याजवळच्या भुईगाव येथे नवव्या लेखाचा तुकडा मिळाला.

मग चौदाही होते असे म्हणावे काय? येथे विद्यार्थी हमखास ‘हो’ म्हणतात. त्यांना धौली आणि जौगड सांगावे. ओरिसातील या दोन्ही ठिकाणी अकरावा, बारावा आणि तेरावा लेख कोरलेलेच नाहीत, त्यांऐवजी दोन वेगळे लेख आहेत. तेराव्यात कलिंगच्या युद्धातील संहाराची कबुली आहे. ती कलिंगच्याच लोकांपुढे का मांडली नाही, हा विचार वर्गात जरूर करावा. पण सोपाऱ्याला तेरावा लेख होता की नाही, हे आठव्या आणि नवव्या तुकड्यांवरून ठरत नाही. ते दोन्ही तुकडे मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहेत. सहल नेल्यास मुलांना आधी अक्षरे मोजायला सांगावीत आणि मग विचारावे, एवढ्यावरून काय काय म्हणता येईल?