हवा कुठून जाते?

गावच्या तिठ्यावर, एसटीच्या थांब्याजवळ, पंक्चरचं एक दुकान असतंच. पुढं पाण्यानं भरलेलं घमेलं, बाजूला पंप, कानस, रबराचे तुकडे आणि सोल्युशनची ट्यूब. दुकानदार ट्यूब फुगवतो, थोडी थोडी पाण्यात बुडवत फिरवतो आणि बुडबुडा दिसला की तिथं बोट ठेवतो. वाचकहो, हे दृश्य आपण लहानपणापासून पाहत आलो. पण या घमेल्यामागं सुमारे एकशे ऐंशी वर्षांचा इतिहास आहे, हे सहसा ध्यानात येत नाही. तो सांगण्याचं निमित्त असं घडलं.

आमच्या कॉलेजातल्या दोन मुलांनी डोंगरात चालवायची, जाड टायरची एक जुनी सायकल विकत घेतली. कोल्हापूरहून पन्हाळा वीसएक किलोमीटर. रविवारी चढ चढून यायचा त्यांचा बेत. आडवाटेला बाभळीचे काटे आणि सराटे फार, म्हणून त्यांनी ट्यूब काढून टायर ट्यूबलेस केला. पण संध्याकाळी भरलेली हवा सकाळी गायब! बुडबुडे वॉलच्या बुडाशी दिसत. मुलांनी वॉलचा नट आवळला, पुनःपुन्हा आवळला. भोक बुजवणाऱ्या पांढऱ्या औषधाच्या, म्हणजे सीलंटच्या, दोन बाटल्या ओतल्या. शेवटी म्हणाली, "सर, टायरच बाद आहे. नवा घ्यावा लागणार." नव्या टायरचे पैसे कुणाजवळ नव्हते. मी त्यांना ओळखीच्या एका म्हाताऱ्या पंक्चरवाल्या मामांकडे घेऊन गेलो. तिथं काय झालं ते पुढं सांगतो. आधी थोडं मागं जाऊ.

चाकाला हवेची गादी बसवण्याची कल्पना पहिल्यांदा सुचली ती रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉटिश माणसाला. १८४५ साली त्यानं तिचं पेटंट घेतलं. रबर लावलेल्या कापडाची नळी आणि वरून चामडं, असा तो टायर. तेव्हा सायकल नव्हती, मोटार नव्हती. तो घोडागाडीसाठी होता. कल्पना काळाच्या फार पुढं होती, म्हणून विसरली गेली.

पुढं १८८८ साली बेलफास्टमध्ये जॉन बॉइड डनलॉपनं तीच गोष्ट नव्यानं शोधली. डनलॉप होता गुरांचा डॉक्टर. पोराच्या तीनचाकी सायकलला भरीव रबराचे हादरे बसतात, म्हणून त्यानं हवेची नळी कापडात गुंडाळून चाकाला बसवली. थॉमसनचं पेटंट आधीचं निघाल्यानं डनलॉपचा हक्क पुढं टिकला नाही. पण नाव त्याचंच राहिलं. उसाच्या बैलगाडीचा रबरी टायरसुद्धा कुठं कुठं 'डनलॉप' या नावानं ओळखला गेला, तो यामुळं.

या टायरची अडचण एकच होती. तो चाकाला चिकटवलेला असे. काटा घुसला तर सगळं सोलून काढायचं, भोक सांधायचं, परत चिकटवायचं आणि वाळायला रात्रभर ठेवायचं. फ्रान्समधल्या मिशलँ बंधूंनी १८९१ साली काढता-घालता येणारा टायर केला. त्याच वर्षी पॅरिस ते ब्रेस्ट आणि परत, अशी सुमारे १२०० किलोमीटरची शर्यत झाली. ती शार्ल तेराँ यानं याच टायरवर तीन दिवसांच्या आत जिंकली. टायर वेगळा, ट्यूब वेगळी, हीच पद्धत मग जगभर रुजली. आपल्या तिठ्यावरचं घमेलं हे तिचंच लेकरू!

मग ट्यूबच नको, असं कुणी ठरवलं? अमेरिकेत गुडरिच कंपनीच्या फ्रँक हर्झेघ यानं मोटारीसाठी ट्यूबलेस टायर तयार केला. १९५२ साली त्याला पेटंट मिळालं आणि १९५५ पासून तिथल्या नव्या मोटारींना असे टायर सर्रास येऊ लागले. सायकलला मात्र १९९९ साल उजाडावं लागलं. इतका उशीर का? आपली साधी काळी सायकल पाहा. पुढच्या चाकाला ३२ स्पोक, मागच्याला ४०. जितके स्पोक तितकी रिमला भोकं! मोटारीची पत्र्याची रिम म्हणजे बंद डबा, आणि सायकलची रिम म्हणजे चाळण. चाळणीत हवा राहायची कशी?

ही निकड लागली ती डोंगरातल्या स्वारांना. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी कॅलिफोर्नियात फेअरफॅक्स गावाजवळच्या डोंगरउतारावर जुन्या, जाड टायरच्या सायकलींची 'रिपॅक' नावाची शर्यत झाली. डोंगरी सायकलीच्या इतिहासात ती मानाची. खडकावर टायर दबला की आतली ट्यूब रिमखाली चिमटून फाटते. ट्यूबच नसेल तर हे दुखणं संपतं. १९९९ साली माविक, हचिन्सन आणि मिशलँ या फ्रेंच कंपन्यांनी आतून भोकं नसलेली रिम आणि तिला घट्ट बसणारा टायर काढला. थोड्याच वर्षांत अमेरिकेतल्या स्टॅन कोझियाटेक यानं साध्या रिमच्या भोकांवर चिकटपट्टी लावून आत सीलंट ओतायची रीत लोकप्रिय केली. या औषधात बहुधा रबराचा चीक असतो. वडाची किंवा रुईची फांदी मोडली की चीक येतो आणि जखमेवर गोठतो ना? तसाच हा चीक हवेबरोबर भोकाकडे धावतो आणि तिथं गोठून बूच बसवतो.

आता मामांकडे येऊ. त्यांनी साबणाचं पाणी चाकावर सगळीकडे फिरवलं. वॉलपाशी बुडबुडे होतेच. पण दोन स्पोकच्या मुळाशीही बारीक फेस होता. मामा हसले. "सर, हवा जात्या एकीकडनं आन् दिसत्या दुसरीकडं!" टायर उघडला तर चिकटपट्टी एका भोकावर फाटलेली. रिम आतून पोकळ. फाटक्या पट्टीतून हवा त्या पोकळीत शिरे आणि वाट मिळेल तिथून बाहेर पडे. वॉल बिचारा निर्दोष होता!

मामांनी जुनी पट्टी काढली, रिम स्पिरिटनं पुसून वाळवली, आणि काठापासून काठापर्यंत पुरेल अशी रुंद पट्टी ताणून बसवली. शेवटचं टोक पहिल्यावर वीतभर चढवलं. टायरच्या कडांना साबणपाणी लावलं, वॉलची पिन काढून कॉम्प्रेसरनं एकदम हवा सोडली. कडा 'फट्' वाजून जागेवर बसल्या. मग सीलंट घातलं आणि चाक हलवून दोन्ही कुशींवर आडवं ठेवलं. मुलांना ताकीद दिली ती अशी: टायरवर आणि रिमवर लिहिलेल्या आकड्यांपैकी जो लहान, त्याच्यापुढं हवा भरायची नाही, कड उडाली तर हात जाईल. आणि हे औषध काही महिन्यांनी वाळतं, तेव्हा मधून मधून पाहत जा.

शिक्षकबंधूंना एक सुचवतो. जुनी ट्यूब आणि पाण्याची बादली वर्गात आणा. हवा जागा व्यापते, ती दाबाखाली असते, हे मुलं डोळ्यांनी पाहतील. नंतर मामांचं चाकही सांगा. बुडबुडा दिसला तिथंच दोष आहे असं मानून मुलांनी दोन बाटल्या वाया घालवल्या, आणि चांगला टायर टाकून द्यायला निघाली होती. इतिहास शिकवताना आम्हीही कैकदा हीच चूक करतो: परिणाम जिथं दिसतो, तिथंच कारण शोधत बसतो.

मुलं त्या रविवारी पन्हाळ्याला जाऊन आली. परतताना टायरमध्ये सराटा घुसला होता. उपटला, पांढरा थेंब आला, आणि थांबला.